जावातलं गावघर 25 वर्षांच्या कराराने : बडोद्यात विकल्या जाणाऱ्या एका पॅकेजचं परीक्षण

पॅकेज थोडक्यात असं आहे. इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्याकडे, योग्यकर्ता प्रांतातल्या गुनुंगकिदुल जिल्ह्यात एका लहान खेड्यात 300 चौरस मीटर जागा. तिच्यावर जुन्या सागवानी सांगाड्याचं 60 चौरस मीटरचं लिमासान, म्हणजे चौपाखी छपराचं पारंपरिक जावानी घर. करार 25 वर्षांचा, ‘पुढे वाढवण्याची सोय’, तुम्ही नसाल तेव्हा घर पर्यटकांना देऊन वर्षाला 12 टक्के परतावा, शिवाय ‘रेसिडेन्सीसाठी मदत’. किंमत 40 लाख रुपये. बडोद्याच्या अलकापुरीतल्या हॉटेलात चहा-नाश्त्यासकट सादरीकरण होतं, पडद्यावर भातखाचरं आणि नारळाची झाडं दिसतात. गुनुंगकिदुलमध्ये भातखाचरं फारशी नाहीत, तो कोरडवाहू चुनखडीचा मुलूख आहे. पण ते नंतर.

गुण आधीच देऊन टाकतो. घराला पाचपैकी चार, गावाला चार, करारनाम्याला दोन, परताव्याच्या आकड्याला शून्य.

40 लाख ही मालमत्तेची किंमत नाही, ते 25 वर्षांचं आगाऊ भाडं आहे. भागाकार करा: वर्षाला 1 लाख 60 हजार, महिन्याला 13 हजार 300 रुपये. मुदत संपली की जागा मूळ मालकाची, आणि मसुद्यात वेगळं लिहून घेतलं नसेल तर त्यावरचं घरही त्याचंच. एवढं भाडं भरून तिथे राहायचं आहे का, इतकाच हिशेब घरात बसून करायचा. ‘गुंतवणूक’ हा शब्द मध्ये आला की तो बिघडतो.

खरेदीच का नाही, तर इंडोनेशियाच्या 1960 च्या मूलभूत जमीन कायद्याने पूर्ण मालकी, म्हणजे ‘हाक मिलिक’, फक्त तिथल्या नागरिकाला मिळते. परदेशी माणसाला ‘हाक पाकाई’ हा वापरहक्क मिळू शकतो, 2021 च्या नियमांनुसार 30, मग 20, मग पुन्हा 30 वर्षं. पण राहत्या घरासाठी त्याला प्रांतवार किमान किंमत ठरलेली आहे. योग्यकर्तात ती 5 अब्ज रुपिया आहे. एका भारतीय रुपयाला 180 ते 190 रुपिया धरले तरी अडीच कोटींच्या वर जाते. वर कुटुंबाला एकच भूखंड, तोही 2,000 चौरस मीटरपर्यंत. परदेशी भांडवलाची कंपनी काढून जागा घ्यायची म्हटलं, तर जमीन आणि इमारत सोडून 10 अब्ज रुपियांहून जास्त गुंतवणूक दाखवावी लागते. म्हणजे 40 लाखांत उरतो तो फक्त भाडेकरार, ‘हाक सेवा’. त्यातही एक खोच आहे. त्याच कायद्याचं कलम 45 हा हक्क ‘इंडोनेशियात वास्तव्य असलेल्या’ परदेशी माणसाला देतं. 30 दिवसांच्या पर्यटक व्हिसावर जाऊन 25 वर्षांच्या करारावर सही करणारा त्यात बसतो का, हे पैसे देण्याआधी नोटारिसकडून लेखी घ्या. तिथला नोटारिस आपल्याकडच्या नोटरीसारखा शिक्के मारून मोकळा होणारा नसतो. तो कायद्याचा पदवीधर, सरकारने नेमलेला अधिकारी असतो आणि मसुदा स्वतः करतो.

‘काका, भाडेकरार नको असेल तर दुसरा पर्यायही आहे’ असं म्हणून विक्रेता आवाज खाली आणतो, तेव्हा उठून यावं. हा दुसरा पर्याय म्हणजे गावातल्या कुणाच्या तरी नावावर हाक मिलिक घ्यायचं आणि त्याच्याकडून खोटं कर्जपत्र, न फिरवता येणारं मुखत्यारपत्र आणि ‘मी फक्त नावापुरता’ असं निवेदन लिहून घ्यायचं. त्याच 1960 च्या कायद्याच्या कलम 26(2) प्रमाणे असा व्यवहार मुळातच रद्दबातल. जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. गुजरातेत शेतकरी खात्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही, म्हणून दुसऱ्याच्या खात्यावर जमीन ठेवणाऱ्यांचं पुढे काय होतं, हे बडोदेकरांना नव्याने सांगायला नको.

आता कागद. माहितीपत्रकात ‘क्लिअर टायटल’ छापलं आहे आणि सोबत जोडलेला कागद आहे जमीनकराच्या पावतीचा. तो मालकीचा पुरावा नाही. ‘गिरिक’, ‘लेटर सी’, ‘पेटोक डी’ ही नावं ऐकलीत तर तेही जुने कर-नोंदीचे कागद आहेत. 2021 च्या नियमांनी त्यांना पुरावा म्हणून फेब्रुवारी 2026 पर्यंतचीच मुदत दिली होती. हवं ते जमीन कार्यालयाचं, बीपीएनचं, सर्तिफिकात, म्हणजे नोंदणीचा दाखला. त्यावरचं नाव मालकाच्या ओळखपत्राशी अक्षरन् अक्षर जुळतं का, क्षेत्र तेच आहे का, बँकेचा तारणबोजा चढलेला आहे का, हे नोटारिसमार्फत बीपीएनच्या नोंदीशी ताडून घ्यायचं. बीपीएनचं ‘सेंतुह तानाहकू’ नावाचं मोबाइल अ‍ॅप आहे, त्यात भूखंड नकाशावर दिसतो. विक्रेत्याने दाखवलेल्या जागेवर उभं राहून तो उघडून पाहा. भूखंड दुसऱ्याच वळणावर दिसू लागला तर प्रश्न तिथेच मिटतो.

योग्यकर्ता प्रांताचं जमिनीचं प्रकरण बाकीच्या जावाहून वेगळं आहे. तिथे सुलतान हाच राज्यपाल असतो, 2012 च्या विशेष कायद्याने राजवाड्याच्या जमिनी मान्य झालेल्या आहेत. त्यांना ‘सुलतान ग्राउंड’ आणि ‘पकुआलामान ग्राउंड’ म्हणतात आणि गुनुंगकिदुलच्या किनारपट्टीत त्या बऱ्याच आहेत. अशा जमिनीचा वापर राजवाड्याच्या लेखी परवान्यानेच होतो. गावाच्या तिजोरीची जमीन, ‘तनाह कास देसा’, ही आणखी वेगळी. ती लुराह, म्हणजे गावप्रमुख, भाड्याने देऊ शकतो, पण वरून परवानगी लागते आणि तिच्यावर विकाऊ घरं बांधता येत नाहीत. शेजारच्या स्लेमान जिल्ह्यात नेमकं हेच झालं आणि 2023 साली बांधकाम व्यावसायिकाला तुरुंगवास झाला. ज्यांनी तिथे घरांचे पैसे भरले होते ते हात चोळत बसले. पॅकेजसाठी दाखवल्या जाणाऱ्या पहिल्या दोन भूखंडांचा प्रकार कोणता, या प्रश्नाला सादरीकरणात ‘सगळं गावच्या संमतीने आहे’ असं उत्तर मिळतं. हे उत्तर नाही.

करारनाम्याचा मसुदा 11 पानांचा आणि फक्त इंग्रजीत आहे. पहिली चूक तीच. 2009 च्या कायदा क्रमांक 24 नुसार इंडोनेशियन पक्ष असलेला करार बहासा इंडोनेशियात असावाच लागतो. फक्त इंग्रजीतला करार तिथल्या न्यायालयांनी रद्द ठरवलेला आहे. दोन्ही भाषांत करून घ्या आणि वाद झाला तर बहासाचा पाठ ग्राह्य, हे गृहीत धरून त्याचं भाषांतर स्वतंत्र माणसाकडून तपासून घ्या. दुसरी चूक, रक्कम डॉलरमध्ये लिहिली आहे. 2015 पासून देशांतर्गत व्यवहार रुपियातच करायचा, असा त्यांच्या मध्यवर्ती बँकेचा नियम आहे.

सहीच्या जागी एकट्या मालकाचं नाव आहे. लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता तिथे नवरा-बायकोची सामाईक असते, तेव्हा बायकोची सही हवीच. जमीन वडिलोपार्जित असेल आणि वाटणी झालेली नसेल तर सगळ्या वारसांची हवी. गावात भांडण इथूनच उभं राहतं: दहा वर्षांनी जकार्ताहून धाकटा भाऊ येतो आणि म्हणतो, मला कुणी विचारलं होतं? बाकी दोन भीती मात्र अनाठायी आहेत. मालक वारला किंवा त्याने जमीन विकली म्हणून भाडेकरार मोडत नाही, तिथल्या दिवाणी संहितेची कलमं 1575 आणि 1576 तेच सांगतात. तरी एक ओळ करारात घालून घेतली तर नव्या मालकाशी वाद घालावा लागत नाही.

‘मुदतवाढ त्या वेळच्या बाजारभावाने, उभयपक्षी संमतीने’ हे सातव्या कलमातलं वाक्य म्हणजे काहीच न लिहिण्यासारखं आहे. संमती दिली नाही की संपलं. मुदतवाढीचं सूत्र आज ठरलं पाहिजे: वार्षिक भाडं अमुक, त्यात दर पाच वर्षांनी इतके टक्के वाढ किंवा सोन्याच्या ग्रॅममध्ये बांधलेला दर, आणि नोटीस मुदत संपण्याआधी दोन वर्षं. करही लिहून घ्या. जमीन-घराच्या भाड्यावर मालकाला 10 टक्के अंतिम कर बसतो. मसुद्यात त्याचा उल्लेखच नाही, आणि गावातला माणूस ‘मला हातात इतके हवेत’ असं म्हणतो. म्हणजे तो कर तुमच्या खिशातून जाणार. शेवटचं, रस्ता. दाखवलेल्या एका भूखंडाला वाट आहे ती शेजाऱ्याच्या अंगणातून. आज तो हसून जाऊ देतो. वाटेचा हक्क कागदावर नसेल तर वाळूचा ट्रक येईल त्या दिवशी काय होईल, सांगता येत नाही.

परताव्याचं गणित विक्रेत्याच्याच आकड्यांनी करू. 40 लाखांवर 12 टक्के म्हणजे 4 लाख 80 हजार रुपये, साधारण 9 कोटी रुपिया. माहितीपत्रकात घराचं एका रात्रीचं भाडं अडीच लाख रुपिया दिलं आहे. 9 कोटीला अडीच लाखांनी भागलं की 360 रात्री येतात. वर्षातले पाच दिवस सोडून घर रोज भरलेलं, तेही साफसफाई, वीज, बुकिंग संकेतस्थळाचं कमिशन, पावसाळ्यातली कौलं आणि कर शून्य धरून. आणि मग तुम्ही राहायला कधी जाणार? कायद्याचा प्रश्न त्याहून मोठा आहे. परदेशी माणसाला तिथे लहान धंदा करता येत नाही, वर सांगितलेली 10 अब्जांची अट लागते. म्हणजे होमस्टे गावातल्या माणसाच्या किंवा गावाच्या उद्योगसंस्थेच्या नावावर चालणार आणि तुम्हाला मिळेल ते त्याच्या मर्जीने. याच जिल्ह्यातल्या नंगलांगेरानला 2021 साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने जगातल्या उत्तम पर्यटनखेड्यांत गणलं, हे माहितीपत्रकात ठळक छापलं आहे. ते खरं आहे. पण तिथलं पर्यटन गावकऱ्यांनी स्वतः उभं केलेलं आहे, पैसाही गावातच राहतो. बाहेरच्या गुंतवणूकदाराला त्यातून धडा घ्यायचा तर उलटाच आहे.

पाच लाखांचा एक जोडपर्यायही आहे, सेंगोनची झाडं. पाच ते सात वर्षांत तोडणीला येणारं मऊ लाकूड, प्लायवूडला जातं. तोडीच्या वेळी व्यापारी उभी झाडं अंदाजाने उक्ती घेतो, आणि खोडाला गाठी आणणारा तांबेरा किंवा खोडकिडा लागला की भाव कोसळतो. शिवाय शेतजमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही आणि 1961 च्या नियमाने मालक त्याच किंवा लगतच्या तालुक्यात राहणारा असावा लागतो. पाच लाख तुम्ही कोणत्या कागदावर देताय? घेऊ नये.

पैसे पाठवायची आपल्याकडची बाजू सरळ आहे, फक्त ती सरळच ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, त्यात परदेशातली स्थावर मालमत्ताही बसते. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेकराराला परदेशी स्थावराचे फेमाचे, म्हणजे परकीय चलन कायद्याचे, नियम लागत नाहीत, 25 वर्षांच्या कराराला लागतात. एका आर्थिक वर्षात 10 लाखांवरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा केलेला प्राप्तिकर, कापते. 40 लाख एकाच्या नावाने गेले तर 6 लाख. म्हणजे हाताशी 46 लाख हवेत. ते विवरणपत्रात वळते होतात, पण मधले महिने अडकून राहतात. पती-पत्नी दोघांच्या खात्यांतून निम्मे निम्मे पाठवले तर दोन्ही मिळून 4 लाख, मात्र करारातही दोघांची नावं हवीत. या कामासाठी बँक कर्ज देत नाही, तेव्हा ‘ईएमआयची सोय’ या ओळीवर फुली मारा. दरवर्षी विवरणपत्राच्या ‘शेड्यूल एफए’ या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ही मालमत्ता दाखवायची, कॅलेंडर वर्षाप्रमाणे, साधं आयटीआर-1 चालत नाही. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्याने 10 लाखांचा दंड आहे. आणि ‘रोख इथेच द्या, तिकडे पोचतील’ असं कुणी सुचवलं तर सीएला विचारायचीही गरज नाही.

आता घर, ज्याला चार गुण दिले. लिमासानचा सागवानी सांगाडा खुंट्यांनी जोडलेला असतो, भूकंपात तो हलतो पण सहसा पडत नाही. मे 2006 च्या योग्यकर्ताच्या भूकंपात पाच हजारांहून जास्त माणसं गेली, बहुतेक बिनआधाराच्या विटांच्या भिंतींखाली. म्हणून सांगाड्यामधल्या नव्या भिंती पाहायच्या: खाली आणि वर आरसीसीची पट्टी आहे का, खांबाला सळईने बांधल्या आहेत का. पॅकेजच्या नमुना-घरात वरची पट्टी आहे, खालची दिसत नाही. खांब सागाचे, पण वासे नारळाच्या लाकडाचे घातले आहेत. तेही चालतात, जुन्या माडाचे असतील तर. कोवळ्या लाकडाला दोन-तीन पावसाळ्यांत भुंगा लागतो. वाशाखाली बारीक पिवळसर पूड पडलेली दिसते का, एवढं पाहिलं तरी पुरतं. वाळवी तर आहेच.

पाणी ही या जिल्ह्याची खरी किंमत आहे. गुनुंग सेवूचा चुनखडीचा पट्टा पाऊस पिऊन टाकतो, नद्या जमिनीखालून वाहतात. बोअर मारला आणि पोकळी लागली तर पैसे गेले. गावात नळ असेल तरी जुलै ते ऑक्टोबर तो दिवसाआड किंवा आठवड्याने येतो असं समजून टाकी बांधा. टँकर 5,000 लिटरचा असतो. दोघांना रोज 300 लिटर धरले तर 16 दिवस पुरतो, पाहुणे असले तर आठवडा. पॅकेजमधली टाकी 1,000 लिटरची आहे, तिच्यात टँकर रिकामाच होत नाही. छपराचं पाणी साठवणारी किमान 10,000 लिटरची जमिनीखालची टाकी त्याच किमतीत मागून घ्या. पावसाळा नोव्हेंबर ते मार्च, एवढ्या छपरावर ती सहज भरते.

वीज 900 व्हीएची, म्हणजे 4 अँपिअर. फ्रिज चालू असताना मिक्सर लावला की मीटरचा खटका पडतो. 2,200 व्हीए करून घ्या, दर युनिटला 1,444 रुपियांच्या वर, आपल्या पावणेआठ रुपयांच्या आसपास. मीटर प्रीपेड आहे, 20 आकडी टोकन दाबून भरायचं. आपले तीन पिनांचे प्लग तिथे बसत नाहीत. गॅसचा 3 किलोचा हिरवा सिलिंडर गरिबांसाठीचा आहे, गावात सगळ्यांकडे दिसला तरी आपण साडेपाच किंवा 12 किलोचा घ्यावा. लोक बोलत नाहीत, पण लक्षात ठेवतात.

गावात राहणं म्हणजे गल्लीच्या समितीत, ‘एरटे’त, राहणं. पाहुणा आला की 24 तासांत एरटेच्या प्रमुखाला कळवायचं. रात्रीची गस्त असते, तिला जाता येत नसेल तर वर्गणी द्यायची. दाराशी लटकवलेल्या डबीत रोज थोडे तांदूळ किंवा नाणं ठेवायचं, गस्तवाले ते गोळा करतात. लग्न, बारसं, मयत, प्रत्येकाला पाकीट. जावानी पंचांगातल्या सुरो महिन्यात लग्नं नसतात, तेवढाच खिशाला आराम. वयस्कर माणसाला ‘म्बाह’, पुरुषाला ‘पाक’, बाईंना ‘बू’ म्हटल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. पहाटे साडेचारच्या सुमाराला मशिदीचा भोंगा वाजतो. ज्यांना हा त्रास वाटेल त्यांनी जावाच्या खेड्याचा विचार सोडून द्यावा, गाव बदलणार नाही आणि बदलायला सांगणाऱ्याला ठेवणारही नाही.

शाकाहाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवायचं की सांबल या मिरचीच्या चटणीत तेरासी, म्हणजे सुकट वाटून केलेला गोळा, असतो आणि तो नसल्यासारखा दिसतो. ‘तान्पा तेरासी’ सांगितलं तर वेगळं वाटून देतात. टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), टोफू, शेंगदाणे, नारळ, गूळ, कसावा मुबलक. तूरडाळ आणि कणीक खेड्यात मिळत नाही, दुकानात मिळतं ते मैद्याचं पीठ. बाजार पाच दिवसांच्या जावानी आठवड्याने भरतो, लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. आपल्या गावचा वार कोणता, ते शेजारीण सांगते.

‘रेसिडेन्सीसाठी मदत’ हा निव्वळ फुगा. भाडेकराराने व्हिसा मिळत नाही. आगमनावेळचा व्हिसा 5 लाख रुपियांना 30 दिवसांचा, एकदा वाढवून 60. सेकंड होम व्हिसासाठी तिथल्या सरकारी बँकेत 1 लाख 30 हजार डॉलर ठेवावे लागतात, म्हणजे कोटीच्या वर. हृदयाचा किंवा डायलिसिसचा रुग्ण घरात असेल तर योग्यकर्ता शहर दीड तास दूर आहे, हे धरून चाला.

तरीही ज्यांना दोन-तीन महिने तिथे राहायची खरीच हौस आहे, त्यांनी या विक्रेत्याकडे 25 वर्षांऐवजी पाच वर्षांचा करार मागावा, किंमत त्याच हिशेबाने 8 लाख. बहासात, रुपियात, नवरा-बायकोच्या सह्यांनी, बीपीएनच्या सर्तिफिकातच्या प्रतीसह, आणि बयाणा नोटारिसच्या तपासणीनंतरच. 8 लाखांवर टीसीएसही बसत नाही. सादरीकरणात हे विचारलं तेव्हा ‘अशी स्कीम नाही’ असं उत्तर मिळालं. गावातल्या मालकाचं उत्तर काय असेल, ते विक्रेत्याने त्याला विचारलेलं नाही.